छत्तीस म्हणजे छत्तीसच!

मोबाईलमध्ये हजारो फोटो मावत असताना काही मंडळी अजून खांद्याला रोलचा कॅमेरा अडकवून फिरतात. कशासाठी हा खटाटोप? बोरा बाजार ते गिरगाव अशा एका शनिवारच्या भटकंतीत सापडलेली उत्तरं...

आत्ताच्या आत्ता मोबाईल काढा आणि गॅलरीत किती फोटो आहेत ते बघा. माझ्याकडे अकरा हजारांच्या वर निघाले. त्यात ऑफिसच्या व्हाइटबोर्डचे शंभरेक, पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून खांबाच्या नंबरचे पन्नासेक, एकाच चीजकेकचे सात अँगल आणि कुठल्याशा ट्रेकला एकाच सूर्यास्ताचे एकवीस. आता खरं सांगा, यातले किती फोटो तुम्ही दुसऱ्यांदा उघडून बघितलेत?

म्हणूनच असेल, पण गेली काही वर्षं शहरात एक हटके जमात दिसायला लागलीय. वय पंचवीस ते पस्तीस, दिवसभर एसीत बसून लॅपटॉप बडवणारी, आणि शनिवार-रविवार गळ्यात आपल्यापेक्षा वयाने मोठा कॅमेरा घालून फिरणारी. यातले बरेच जण हौशी, पण काही चक्क पोटापाण्यासाठी फोटो काढणारे. ठाण्याचा एक लग्नांचे फोटो काढणारा मित्र दोन डिजिटल कॅमेऱ्यांच्या जोडीला प्रत्येक लग्नात दोन रोल हमखास वापरतो. एक आर्किटेक्ट मैत्रीण साइटवर मोबाईल वापरते, पण पाडायच्या आधीचं जुनं घर मात्र रोलवरच टिपते. मीही याच जमातीतली. माझा कॅमेरा निकॉन एफएम-टेन. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. दोन बटणसेल. ते संपले तरी कॅमेरा चालूच.

डिजिटलला नावं ठेवायला हा लेख नाही बरं का! माझ्या मोबाईलचा कॅमेरा सॉलिड आहे आणि तो मी रोज वापरते. प्रश्न एवढाच आहे की, इतकं सोपं, फुकट आणि झटपट मिळत असताना कुणी अवघड, महाग आणि सावकाश का निवडावं? उत्तर खुर्चीत बसून सापडत नाही. त्यासाठी रोल भरून बाहेर पडावं लागतं.

बोरा बाजारचे डॉक्टर

फिल्मवाल्यांची भटकंती बहुतेक वेळा सीएसएमटीच्या समोरूनच सुरू होते. स्टेशनाच्या भव्य घुमटाकडे पाठ केली की दादाभाई नौरोजी रोडच्या मागे बोरा बाजारची अरुंद गल्ली लागते. हातगाड्या, कुरियरवाले, वडापावची गाडी आणि मध्येच ओळीने कॅमेऱ्यांची दुकानं. शोकेसमध्ये आता मिररलेस, ड्रोन आणि यूट्यूबवाल्यांचे माइक मांडलेले असतात. पण जरा आत डोकावून ‘रोल आहे का?’ विचारलंत, की काउंटरखालचा ड्रॉवर उघडतो.

याच भागात जिना चढून गेल्यावर एका टेबलाएवढ्या जागेत एक चाचा बसतात. डोळ्याला भिंग, समोर घड्याळजीसारखे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि उघडून ठेवलेले तीन-चार कॅमेरे. माझा एफएम-टेन त्यांनीच दोनदा बरा केलाय. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला उजेड आत येऊ नये म्हणून काळ्या फोमची पट्टी असते. मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. चाचा तो खरवडून नवी पट्टी लावतात, शटर कानाशी धरून नुसत्या आवाजावरून सांगतात, ‘हजारवाला स्पीड थोडा सुस्त है.’

‘पार्ट कुठून आणता?’ मी एकदा विचारलं.

‘नया पार्ट कौन बनाएगा, बेटा? एक मरा हुआ खोलो, दो जिंदा करो.’

त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात असे मेलेले कॅमेरे भरलेले असतात. काही चोर बाजारातून आलेले, काही घरं रिकामी करताना विकलेले. चाचांचा मुलगा बँकेत आहे. शिकायला कुणी येतं का, या प्रश्नावर ते हसले आणि म्हणाले, येतात, व्हिडिओ काढून जातात. गंमत वाटली, पण नंतर ते वाक्य डोक्यात राहिलं. आज आपण हे कॅमेरे मिरवतोय ते या अशा सत्तरीच्या हातांच्या भरवशावर. तो हात थांबला की शोभेची वस्तू उरते.

नवे कॅमेरे बनायचे अगदीच थांबलेत असं मात्र नाही. निकॉनने २००६ मध्ये फिल्मचे बहुतेक कॅमेरे बंद केले, तेव्हा एफ-सिक्स आणि माझा एफएम-टेन हे दोनच ठेवले होते. पुढे तेही गेले. पण २०२२ मध्ये लायकाने आपला जुना एम-सिक्स पुन्हा बाजारात आणला आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स-सेव्हन्टीन. तो एका फ्रेमचे दोन तुकडे करतो, त्यामुळे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो बसतात. महागाईवरचा जपानी उपाय!

चांदी, जिलेटिन आणि थोडा अंधार

आता जरा फंडा क्लीअर करू या. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. शटर उघडलं की जिथे उजेड पडतो तिथल्या स्फटिकांत बदल होतो. पण डोळ्याला काही दिसत नाही. चित्र असतं, पण लपलेलं. रसायनात बुडवल्यावर ते बाहेर येतं. रंगीत रोल सी-४१ नावाच्या पद्धतीने साधारण ३८ अंश सेल्सिअसला धुतला जातो. ब्लॅक अँड व्हाइट रोल तर घरच्या बाथरूममध्ये, २० अंशाच्या आसपास धुता येतो. मुंबईत मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं, म्हणून आमचे लोक टबात बर्फाचे क्यूब टाकून बसलेले असतात.

या स्फटिकांचे आकार लहानमोठे असतात आणि ते ओळीत नसतात. सेन्सरवरचे पिक्सेल मात्र शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे रांगेत. म्हणून फिल्मवरचा खरबरीतपणा, ज्याला आम्ही ग्रेन म्हणतो, तो डोळ्याला खुपत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. डिजिटलमध्ये एखादा भाग मर्यादेपलीकडे उजळला की तिथे कोरा पांढरा डाग उरतो, मागे काहीच नाही. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसून घेते. मुंबईसारख्या शहरात हा फरक फार मोलाचा. इथे गल्लीत काळोख आणि गल्लीच्या टोकाला डोळे दिपवणारं ऊन, असं एकाच फोटोत असतं.

मोबाईल यावर वेगळी युक्ती करतो. तो क्षणात अनेक फोटो घेतो, जोडतो आणि अंधारही उजळून टाकतो. फोटो चकाचक येतो. पण मग चाळीचा जिनासुद्धा मॉलच्या लॉबीसारखा दिसायला लागतो. फिल्म अंधाराला अंधार राहू देते. ज्यांनी अशा जिन्यांवरून चढ-उतार केलीय, त्यांना फरक लगेच कळतो.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तोच खरा! कधीकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाचा आपला देशी रोल बनायचा. १९६० साली उभी राहिलेली ही कंपनी आता बंद पडलीय, त्यामुळे रोल बाहेरून येतात. साधा रंगीत रोल हजाराच्या आगेमागे, धुलाई आणि स्कॅनिंगचे आणखी चार-पाचशे. म्हणजे एक क्लिक चाळीस रुपयांची. दोन वडापाव! एवढा हिशोब डोक्यात असला की माणूस आपोआप थांबतो, दोन पावलं मागे जातो, उजेड बघतो आणि पुष्कळदा कॅमेरा खाली घेतो. न काढलेले फोटो ही फिल्मची सगळ्यात मोठी शिकवणी आहे.

कोडॅकची कहाणी

या सगळ्यात कोडॅकची गोष्ट एखाद्या मॅनेजमेंटच्या वर्गात शोभेल अशी. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनीअरने, १९७५ साली. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि तो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. त्यानंतर सदतीस वर्षांनी, २०१२ मध्ये, कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. मधल्या काळात त्यांची कोडाक्रोम ही लाडकी स्लाइड फिल्म २००९ मध्ये बंद झाली होती.

त्या कोडाक्रोमचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या फोटोग्राफरला मिळाला. छत्तीस फोटो, बस्स. जगात कुठेही जा आणि काय हवं ते टिपा. २०१० मध्ये हा माणूस तो रोल घेऊन न्यूयॉर्कहून निघाला आणि त्यातल्या काही मोजक्या फ्रेम खर्च करायला मुंबईत आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान त्या शेवटच्या रोलवर आहेत. पुढे राजस्थानातले रबारी. ३० डिसेंबर २०१० ला अमेरिकेतल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबने कोडाक्रोमचे रोल घेणं थांबवलं. पण कथा तिथे संपली नाही. कोडॅकने २०१२ मध्ये थांबवलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आणली. मागणी आली म्हणून!

त्याच २०१८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन मुंबईत फिल्म वाचवा हे सांगायला आला होता. पुढच्याच वर्षी ‘टेनेट’चं शूटिंग करायला त्याने कुलाबा गाठलं, आणि अर्थातच तेही फिल्मवर.

गिरगाव : दोन स्टेशनांवर

बोरा बाजारातून दोन रोल घेतले आणि मी गिरगावची वाट धरली. पूर्वी हे म्हणजे बस किंवा टॅक्सीची कटकट. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो-३ पूर्ण सुरू झाल्यापासून सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव... खेळ खल्लास. जमिनीखालून वर येताना सरकता जिना संपतो आणि समोर एकदम जुनी मुंबई उभी.

खरं तर मुंबईला कॅमेऱ्याचं वेड नवं नाही. फोटोग्राफीची कला जगापुढे येऊन पंधराच वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले उत्साही फोटोग्राफर. आणि गिरगावचं म्हणाल, तर ही फिल्मची पंढरीच. ३ मे १९१३ ला इथल्याच कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. १४ मार्च १९३१ ला इथल्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’च्या रूपाने सिनेमा बोलू लागला. नारायण विनायक वीरकरांचा फोटो स्टुडिओ गिरगावचाच. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत जाऊन भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपणारे ते हेच वीरकर. त्या खुणा खडूने गोल करून दाखवणारी माणसं त्यांच्या फोटोंत आहेत. सरकारी कागदपत्रं काहीही म्हणोत, निगेटिव्हवर भोकं उमटली ती उमटली.

मी आधी खोताच्या वाडीत चक्कर मारते. लाकडी जिने, रंगीत कठडे, दारातला क्रूस, खिडकीत मांजर. एके काळी इथे साठाच्या वर घरं होती, आज निम्म्याहून कमी उरलीत. इथल्या लोकांना कॅमेऱ्याचा वैताग आलेला असतो आणि तो बरोबरच आहे. तुमच्या घराच्या पायरीवर रोज कुणी लेहंगा घालून पोज दिली तर तुम्ही काय कराल? म्हणून मी विचारून, एकच फोटो काढते. एका अंकलनी आधी हात वर करून अडवलं, मग गळ्यातला कॅमेरा बघून विचारलं, ‘रोलवाला आहे?’ पाच मिनिटं ते त्यांच्या जुन्या यशिकाबद्दल बोलत होते. फिल्म कॅमेऱ्याचा हा एक साइड इफेक्ट. समोरचा माणूस बोलायला लागतो.

आत्याच्या चाळीचा रोल

पण माझं खरं काम पुढच्या गल्लीत होतं. माझी आत्या चाळीस वर्षांहून जास्त काळ जिथे राहिली ती तीन मजली चाळ रिकामी होणार होती. करारावर सह्या झालेल्या, डेव्हलपरने भाड्याचे चेक दिलेले. महिन्याभरात सगळ्यांनी तात्पुरत्या घरात जायचं, आणि काही वर्षांनी इथे टॉवर.

तुम्हाला वाटेल आत्या रडत असेल. अजिबात नाही! ‘अगं, स्वतःचं बाथरूम मिळणार, लिफ्ट मिळणार. तिसरा मजला चढून बघ माझ्या गुडघ्यांनी, मग सांग चाळ किती छान ते,’ असं तिने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. चाळीबद्दल हळवं व्हायला तिथे न राहणाऱ्यांना परवडतं. एकशे ऐंशी स्क्वेअर फुटांत पाच माणसांचा संसार केलेल्या बाईला नाही.

तरीसुद्धा तिनेच मला बोलावलं होतं. ‘तुझा तो रोलचा कॅमेरा घेऊन ये. मोबाईल नको. मोबाईलवर काढलेले कुणी देत नाही.’

बोला आता! कुठल्याही तज्ज्ञाने फिल्मची बाजू इतक्या कमी शब्दांत मांडलेली मी ऐकलेली नाही.

एक रोल, छत्तीस फोटो, तीन मजले, बावीस खोल्या. मी गॅलरीच्या टोकाला उभी राहिले आणि हिशोब करायला लागले. प्रत्येक खोलीला एक, म्हणजे बावीस. उरले चौदा. जिना, नळाची जागा, गणपती बसतो तो चौक, गच्ची, गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यातली तुळस. मोबाईल असता तर अर्ध्या तासात तीनशे फोटो काढून चहा पीत बसले असते. इथे सकाळचे साडेदहा ते संध्याकाळचे पाच लागले. कारण प्रत्येक दारात बसावं लागलं. ‘तुम्हाला कशाचा फोटो हवाय?’ असं विचारावं लागलं.

आणि उत्तरं काय आली! दोन नंबरच्या काकूंना स्वतःचा फोटो नकोच होता. ‘माझा ओटा काढ,’ म्हणाल्या. कडप्प्याचा काळा ओटा, मधोमध कांदा-खोबरं वाटून वाटून गुळगुळीत झालेला. तळमजल्यावरच्या आजोबांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा दाखवल्या, तीन नातवंडांच्या उंचीच्या. एका मुलाला जिन्याचा तो कठडा हवा होता, ज्यावरून घसरून त्याचा हात मोडला होता. मला विचाराल तर मी यातलं काहीही आपणहून टिपलं नसतं. मी गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांचा ‘आर्टी’ फोटो काढला असता.

फोटो काढला की प्रत्येक जण मान पुढे करून म्हणायचा, ‘बघू.’ आणि मी म्हणायचे, दिसत नाही. पंधरा दिवसांनी. यावर काकू काय म्हणाल्या सांगू? ‘म्हणजे परत यायला लागेल तुला. बरंय की.’

डिजिटलमध्ये फोटो काढला की व्यवहार तिथेच संपतो. बघितला, आवडला, फॉरवर्ड केला, विसरला. फिल्ममध्ये व्यवहार उधारीवर असतो. तुम्ही समोरच्याचं काहीतरी घेऊन जाता आणि ते आणून द्यायचं तुमच्यावर बाकी राहतं.

पण फिल्म अमर असते का?

आता थोडी उलट बाजू. फिल्म म्हणजे कायमचं, असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ज्या ‘आलम आरा’चा एवढा गाजावाजा झाला, त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ही पूर्ण उरलेला नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि कितीतरी दुर्मीळ रिळं गेली. आपल्या घरातल्या निगेटिव्हना आग नाही तरी दमट हवा पुरते. बुरशी लेन्सलाही सोडत नाही. रंगीत निगेटिव्हचे रंग वर्षांनुवर्षांनी फिके होतात; ब्लॅक अँड व्हाइटमध्ये प्रत्यक्ष चांदी असल्यामुळे ती नीट धुतली आणि सांभाळली तर जास्त टिकते.

तरी एक गोष्ट सांगते. त्या शनिवारी आत्याने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत माझ्या बाबांनी आगफा क्लिक-थ्रीवर काढलेल्या निगेटिव्ह. बडोद्याला बनणारा हा डबा कॅमेरा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. पाकिटावर बाबांच्या अक्षरात ‘गणपती, १९८४’. मी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. बारीकसारीक सगळं उलटं, काळ्याचं पांढरं, पण मखर ओळखू आलं, आणि मखराशेजारी परकर-पोलक्यातली मुलगीही. ती बघायला मशीन लागलं नाही, पासवर्ड लागला नाही. त्याच डब्यात आतेभावाच्या २००७ च्या लग्नाची फोटोंची सीडीसुद्धा होती. ती लावायला घरात ड्राइव्हच नाही, आणि ओळखीच्याकडे लावून बघितली तर वाचतच नाही.

यात शिकवण अशी काही नाही. डिजिटल फोटोही टिकतात, पण त्यांना दर काही वर्षांनी कुणीतरी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहावं लागतं. निगेटिव्ह विसरली गेली तरी डब्यात पडून राहते. आणि आपण भारतीय विसरण्यात पटाईत. म्हणून डबा आपल्याला जास्त सोयीचा!

पंधरा दिवसांनंतर

रोल धुऊन आला. छत्तीस नव्हे, सदतीस निघाले. रोल जपून भरला तर कधीकधी शेवटी एक फ्रेम जास्तीची मिळते. मी पोस्टकार्ड साइझचे प्रिंट काढले, मागे खोलीचा नंबर लिहिला आणि चाळीत गेले.

अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. गॅलरीत बांधलेले गठ्ठे, टेम्पोची वाट बघणारी कपाटं. पण प्रिंट हातात पडल्यावर जे झालं ते मी कुठल्याही ग्रुपवर बघितलेलं नाही. कुणी अंगठा वर केला नाही, बदाम पाठवला नाही. माणसं गप्प बसून बघत राहिली. आजोबांनी चष्मा बदलून पेन्सिलीच्या खुणा मोजल्या. ओट्यावाल्या काकूंनी फोटो पदराने पुसला. ओटा त्यांच्या मागेच होता, अजून तोडला नव्हता, तरी त्या फोटोच बघत होत्या.

‘इथे डाग आहे बघ,’ त्या बोट ठेवून म्हणाल्या. ‘चाळीस वर्षं घासतेय, मला कधी दिसला नाही.’

सदतिसावा फोटो आत्याने काढलाय. त्या दिवशी रोल संपत आला तेव्हा मी कॅमेरा तिच्या हातात दिला होता. पंचाहत्तरीतल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरला. ‘दाबू?’ असं दोनदा विचारून दाबला. फोटो तिरका आलाय, माझं अर्धं डोकं कापलंय आणि डाव्या कोपऱ्यात तिचं बोट आहे. मोबाईलवर असता तर ‘परत काढ, आत्या’ म्हणून मी तो तिथल्या तिथे डिलीट केला असता.

तो आता माझ्या टेबलावर आहे, ऑफिसमध्ये, मॉनिटरच्या शेजारी. डेडलाइनच्या दिवशी सहकारी विचारतात, ‘हा असा का लावलायस?’ मी सांगते, बोट नीट बघ. ते बोट आत्याचं आहे, आणि मागे दिसतोय तो दरवाजा आता पत्त्यावर नाही.

तुम्हालाही रोल भरायचाय?

- आधी घरातला माळा शोधा. बाबांचा, काकांचा, मामाचा कॅमेरा निघण्याची शक्यता जाम आहे. मागचं झाकण उघडण्याआधी आत रोल नाही ना, ते बघा!
- बोरा बाजारात शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. जुना कॅमेरा घेताना शटर वेगवेगळ्या स्पीडवर दाबून बघा, लेन्स उजेडासमोर धरून बुरशीचे धागे आहेत का पाहा, फोमला बोट लावून बघा.
- पहिला रोल ४०० आयएसओचा घ्या. चाळ, बाजार, पाऊस, सगळीकडे चालतो.
- मीटर बंद पडला तर ‘सनी सिक्स्टीन’ लक्षात ठेवा. कडक ऊन असेल तर अॅपर्चर १६ आणि शटर स्पीड आयएसओच्या जवळपास. ४०० चा रोल तर शटर पाचशेवर.
- कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पावसाळ्यात तर हवंच. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, पण वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून.
- विमानतळावर रोल हातात काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्मवर धुकट डाग पडतात.
- लॅबमधून स्कॅन मिळाले म्हणून निगेटिव्ह तिथेच सोडू नका. ती मागून घ्या, पाकिटावर तारीख आणि जागा लिहा. मग खुशाल विसरा!